काचेपासून फितीपर्यंत

गावाचा इतिहास म्हटला की आपण दप्तरं धुंडाळतो, सनदा शोधतो. पण गेल्या शंभर वर्षांचं एक साधन शाळेच्या कपाटात आणि घरच्या ट्रंकेत पडून असतं, तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. ते म्हणजे जुन्या कृष्णधवल फोटोंच्या निगेटिव्ह. अशी निगेटिव्ह हाती आली, तर आधी पट्टी घेऊन ती मोजा. तिचा आकारच पुष्कळ काही सांगून जातो.

सर्वांत जुनी ती काचेची. १८७१ साली मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरानं जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून काचेवर लेप देण्याची रीत काढली. पुढे अशा कोरड्या काचा बाजारात तयार मिळू लागल्या. त्यातली हाफ प्लेट म्हणजे पावणेपाच इंच बाय साडेसहा इंच. काच कागदावर ठेवायची, उजेड द्यायचा. जेवढी काच तेवढा फोटो. १९०१ साली कोडॅक कंपनीनं १२० नंबरचा रोल काढला. काच जड, फुटणारी. रोल खिशात मावू लागला. त्यावर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ फोटो निघतात. आपल्याकडे पुष्कळ घरांत गेलेला आग्फा क्लिक कॅमेरा याच रोलवर चाले. तिसरी ३५ मिलिमीटरची फिल्म ही मूळची सिनेमाची फीत. १९२५ साली बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्यानं ती फोटोसाठी रूढ केली. तिच्या एका रोलवर ३६ फोटो बसतात.

आता शाळेचा ग्रुप फोटो घ्या. एका रांगेत १० मुलं उभी आहेत. हाफ प्लेटवर एकेका मुलाच्या वाट्याला १६ मिलिमीटर जागा येते; चेहरा शाळूच्या दाण्याहून जरा मोठा. १२० च्या चौकोनी फोटोत तोच चेहरा बाजरीच्या दाण्याएवढा होतो, आणि ३५ मिलिमीटरवर राजगिऱ्याएवढा! १० इंच रुंदीचा फोटो करायचा, तर काच दीडपट मोठी करावी लागते, रोल साडेचारपट आणि फीत सातपट. फिल्म एकाच जातीची असेल तर तिच्यातले चांदीचे कण लहान-मोठ्या आकारात सारखेच असतात. म्हणून जितकं ताणावं तितके ते कण दिसू लागतात आणि नाकडोळे पुसट होतात.

मग छोटी फिल्म वाईट का? तसं नव्हे. काचेच्या कॅमेऱ्याला तिकाटणं लागे. माणसं श्वास रोखून ताठ उभी राहत. कुस्तीच्या फडातला डाव किंवा यात्रेतली धावपळ टिपायला हातात मावणारा कॅमेराच हवा. काचेनं चेहरे राखले, फितीनं हालचाल राखली.

शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जुन्या पुष्कळ काचांना आणि फिल्मना तांबडा रंग दिसतच नसे. म्हणून तर ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघरी होता त्या काळात तांबड्या काचेच्या दिव्यापुढे फोटो धुता येत. पण त्यामुळेच अशा फोटोत कपाळावरचं कुंकू काळं येतं आणि तांबडा फेटाही काळाच. फोटोत काळा दिसला म्हणून फेटा काळा होता, असं लिहून बसू नका. सगळे रंग ओळखणारी फिल्म पुढे रूढ झाली.

पाकिटावरचा मजकूरही वाचा. 'जिल्हा दक्षिण सातारा' असा शिक्का असला, तर तो बहुधा १९४९ ते १९६० मधला. कारण १९४९ साली तो जिल्हा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं.

एवढी खटपट कशासाठी? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. तिथं निरनिराळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एका पंगतीला जेवली. दोन्ही जिल्ह्यांत अशा किती घरांतलं पहिलं मूल त्या पिढीत शाळेत गेलं! त्याचं नाव हजेरीपटात असेल. पण त्याचा चेहरा, कदाचित उभ्या आयुष्यातला एकुलता एक, त्या शाळूच्या दाण्याएवढ्या जागेत असू शकतो.

तेव्हा फोटो आहे म्हणून निगेटिव्ह टाकू नका. फोटो ही नक्कल. अस्सल ती निगेटिव्ह. काच कडेनं धरा, एकेक कागदी पाकिटात घालून उभी ठेवा. आंबूस वास येणारी फिल्म वेगळी काढा. १९५० च्या आधीची काही फिल्म भडकन पेट घेणारी असते. ती विस्तवापासून दूर ठेवा. आणि गावात जाणती माणसं आहेत तोवर, फोटोतल्या मुलांची नावं त्यांना विचारून पाकिटावर लिहून घ्या. चेहरा काच राखील. नाव आपल्यालाच राखावं लागेल.