आगोटीची बेगमी

मृग तोंडावर आला म्हणजे पनवेलच्या बाजारात एक वास पसरतो. कुणी नाकाला पदर लावतं, कुणाच्या तोंडाला पाणी सुटतं. सुके बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या यांच्या राशी लागतात आणि घरोघर आगोटीची बेगमी सुरू होते. घाटावरच्या मंडळींसाठी सांगतो, आगोट म्हणजे पावसाळ्याचं तोंड.

इतिहासाच्या माणसानं सुकटीवर काय बोलावं, असं कुणी म्हणेल. पण पूर्वी दर्या खवळला की होड्या किनाऱ्यावर ओढल्या जात, त्या नारळी पौर्णिमेपर्यंत पाण्यात उतरत नसत. तोवर गरिबाच्या भाताला तोंडी लावणं काय, ते मे महिन्याच्या उन्हात ठरत असे.

बोंबलाचंच पाहा. ताज्या बोंबलात शेकडा ८५ हून अधिक पाणी! तो तसाच ठेवला तर लगेच नासतो. म्हणून कोळी दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून बांबूच्या वलांडीवर टांगतात. ऊन आणि वारा, बस्स. मीठ लागत नाही. कोळंबी सोलून वाळवली की सोडे झाले. बांगड्याला मात्र मीठ हवं, आणि इथंच सरकार मध्ये येई.

वास्तविक पनवेल, उरण, पेण हा मिठागरांचा मुलूख. आगरावर राबणारा तो आगरी. पण दारातल्या या मिठावर इंग्रज सरकारचा कर होता. १८८२ साली तो मणामागे २ रुपये होता, १८८८ साली अडीच झाला. मण म्हणजे साधारण ३७ किलो, आणि मजुराची रोजी तेव्हा आण्यांत मोजली जाई! खाजणात उन्हानं आपोआप धरलेलं मीठ खरडून नेणं हासुद्धा गुन्हा. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीला उचललं ते असलंच मीठ. हा कर १९४७ साली गेला. पुढं १९७० नंतर नवी मुंबई उभी राहताना इथली कित्येक मिठागरंही भरावाखाली गेली, ती गोष्ट वेगळी.

बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, तेव्हा मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस पनवेल बंदरात उतरून गाडी धरीत असे. तो वर्दळीचा काळ रेल्वे कर्जतमार्गे गेल्यावर ओसरला. सुका बोंबील मात्र घाटावरच्या आठवडे बाजारात अजून भेटतो.

हीच युक्ती जगात इतरत्रही सुचली. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातले लोक दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गोठवणारा गारठा, दोन्ही वापरून मांस सुकवीत. आता यंत्रात तेच करतात. मांस गोठवायचं, भोवतालची हवा काढून घ्यायची. मग कापूर जसा न वितळता उडून जातो तसा आतला बर्फ उडून जातो. म्हैसूरला १९६१ साली संरक्षण खात्याची अन्न संशोधन प्रयोगशाळा निघाली. जवानांच्या शिध्यासाठी तिथं ज्या पद्धतींवर काम झालं, त्यांत हीही एक. असं मांस आक्रसत नाही, स्पंजासारखं सच्छिद्र राहतं. म्हणून गरम पाण्यात टाकताच काही मिनिटांत फुगतं. मग पाणी निथळून नेहमीसारखं कालवण करावं. मसाला मात्र ते भिजल्यावरच घालावा.

आपले सोडे उन्हानं आक्रसलेले असतात. त्यांना घाई चालत नाही. कोमट पाण्यात वीसेक मिनिटं भिजू द्यावे. शिक्षकबंधूंनी वर्गात मूठभर सोडे भिजवण्याआधी आणि नंतर तराजूत घालून दाखवावे. पाणी परत किती शिरलं ते मुलं आपण होऊन सांगतील. बोंबील असेल तर आधी तव्यावर भाजून, तुकडे करून धुवावा. जवळा निवडून कोरडाच परतावा. मग कांदा, वांगं, आगरी मसाला आणि शेवटी चार आमसुलं. मीठ चाखूनच घालावं, आणि खारा बांगडा असेल तर घालूच नये.