अंगठा दुखावतो तेव्हा

मराठी भाषेने अंगठ्याला फारसा मान दिलेला नाही. कुणी फसवले की 'त्याने अंगठा दाखवला' असे आपण म्हणतो. ज्याला लिहिता-वाचता येत नाही तो 'अंगठेबहाद्दर'. जुन्या खतावर 'निशाणी डावा अंगठा' हे शब्द दिसले की त्यामागे बहुधा एखादा अडलेला शेतकरी उभा असतो. त्याही आधी, पेशवाईतल्या कागदांवर, अक्षरओळख नसलेला कुणबी नांगराची निशाणी करीत असे. त्याच्या कामाचे चित्र हीच त्याची सही. पुढे नांगराची जागा अंगठ्याने घेतली. दोहोंत तसे फार अंतर नाही. नांगराची मूठ घट्ट धरायची तीही अंगठ्याच्याच बळावर.

डॉक्टर मंडळी मात्र अंगठ्याला मोठा मान देतात. हाताच्या एकूण कामापैकी सुमारे ४० टक्के वाटा एकट्या अंगठ्याचा, असा त्यांचा हिशेब आहे. बोटांत तीन-तीन हाडे, अंगठ्यात दोनच. पण त्याच्या बुडाशी असलेला सांधा घोड्यावरच्या खोगिरासारखा असतो. त्यामुळे अंगठा पुढे-मागे, आत-बाहेर फिरतो आणि प्रत्येक बोटाच्या टोकाला जाऊन भिडतो. सुईत दोरा ओवणे, मिठाची चिमूट घेणे, लेखणी धरणे, कोयता चालवणे हे सारे त्या भिडण्यावर अवलंबून असते.

हे सगळे मी पुस्तकात वाचले होते. गेल्या पावसाळ्यात ते मला हाताने कळले. ओल्या जिन्यावर पाय घसरला, तोल सावरण्यासाठी हात टेकला आणि उजवा अंगठा मुरगळला. हाड मोडले नव्हते. दोन हाडांना बांधून ठेवणारा चिवट पट्टा, ज्याला लिगामेंट म्हणतात, तो ताणला गेला होता. डॉक्टरांनी आधाराची पट्टी घातली आणि काही आठवडे अंगठा हलवायचा नाही असे बजावले. सदऱ्याची बटणे, बाटलीचे झाकण, भाकरीचा तुकडा मोडणे, सगळेच अडले. मी इतिहासाचा मास्तर. लिहिणे बंद झाल्यावर वाचणे वाढले आणि मुरगळलेला सांधा माणसे पूर्वी कसा बरा करीत, हे मी शोधू लागलो.

सर्वांत जुना कागद सापडला तो इजिप्तचा. एडविन स्मिथ या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली लक्सर येथे एक जुनी पपायरसची गुंडाळी विकत घेतली. ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० वर्षांची आहे. तिच्यात जखमांची ४८ प्रकरणे आहेत. मोडणे, निखळणे आणि मुरगळणे यांतला फरक त्या वैद्याला ठाऊक होता. दोन अवयव एकमेकांपासून ताणले गेले, पण आपापल्या जागीच आहेत, ते मुरगळणे, अशी त्याची समजूत. माझ्या डॉक्टरांनी मला याहून वेगळे काही सांगितले नव्हते. मानेचा सांधा मुरगळला तर त्याचा उपाय असा: पहिल्या दिवशी ताजे मांस बांधावे आणि मग बरे वाटेपर्यंत रोज मधाचा लेप द्यावा.

आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत तर याहून पुष्कळ बारकावा आहे. सुश्रुताने पट्ट्यांचे १४ प्रकार दिले आहेत. त्यांतला 'कोश' नावाचा प्रकार अंगठ्याच्या आणि बोटांच्या पेरांसाठी आहे. हाड बसवल्यावर वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून बांधायचे. पट्टी सैल झाली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट झाली तर सूज, वेदना आणि पू होतो, असा इशाराही आहे. पट्टी केव्हा बदलावी हे ऋतूवर ठरे. थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी.

मला सर्वांत आवडले ते याच्या पुढचे. हाताचे हाड जुळून आल्यावर रोग्याने काय करायचे? आधी हातात मातीचा गोळा धरायचा. मग मिठाचा खडा. आणि हातात बळ आले की दगड. रुग्णालयातल्या फिजिओथेरपीच्या बाईंनी मला आधी मऊ स्पंजचा चेंडू दिला आणि नंतर कडक रबराचा. साधन बदलले, क्रम तोच राहिला.

आधी विश्रांती आणि मग हळूहळू काम, हे इतके जुने शहाणपण. तरी एकोणिसाव्या शतकात युरोपात यावरून मोठा वाद झाला. अँटोनियस माथायसेन या डच लष्करी डॉक्टरने १८५१ साली पट्टीत प्लास्टरची पूड भरून ती भिजवून गुंडाळण्याची युक्ती काढली आणि हातपाय आठवडेच्या आठवडे जखडून ठेवणे सोपे झाले. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा विश्रांतीचा कट्टर पुरस्कर्ता. त्याचे घराणे वेल्समधल्या हाडवैद्यांचे. दुखावलेल्या सांध्याला सक्तीची, अखंड आणि दीर्घ विश्रांती हवी, असे तो शिकवी. उलट पॅरिसचा शल्यवैद्य लुकास-शांपियोनिएर म्हणे, की सांधा फार दिवस जखडला तर तो आखडतो. हलके मर्दन आणि हालचाल लवकर सुरू करा. त्यावर त्याने १८९५ साली ग्रंथच लिहिला.

वाद आजही पुरता मिटलेला नाही. गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरने १९७८ साली खेळाडूंसाठी चार कलमी उपाय सांगितला: विश्रांती, बर्फ, दाब आणि अवयव उंच ठेवणे. तो जगभर पाठ झाला. त्याच मर्किन यांनी २०१४ च्या सुमारास लिहिले, की बर्फाने वेदना कमी होते, पण भरून येण्याची क्रिया लांबू शकते आणि पूर्ण विश्रांतीचेही तसेच आहे. आमच्या घरी आंबेहळद आणि रक्तबोळाचा कढत लेप देत. बर्फ की शेक, यावर घरोघरी अजून दोन तट पडतात.

एक गोष्ट मात्र निश्चित कळली आहे. प्रत्येक मुरगळलेला अंगठा नुसत्या विश्रांतीने बरा होत नाही. १९५५ साली कँबेल नावाच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडमधल्या शिकारराख्यांच्या अंगठ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सशांच्या माना अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मोडून मोडून त्यांच्या अंगठ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट सैल झाले होते. १९६२ साली स्टेनर या स्वीडिश शल्यवैद्याने दाखवले, की हे लिगामेंट पूर्ण तुटले तर त्याचे टोक कधी कधी शेजारच्या पडद्यावर जाऊन अडकते आणि मग कितीही दिवस बांधून ठेवले तरी जुळत नाही. शस्त्रक्रियाच करावी लागते. म्हणून अंगठ्याच्या बुडाशी सूज आहे आणि चिमटीत कागदही धरवत नाही, असे झाले तर 'मुरगळलाय, होईल बरा' म्हणून बसू नये. लवकर दाखवावे.

इथवर माझे वाचन छान चालले होते. मग एक दिवस आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंनी माझी पट्टी पाहिली आणि आपला अंगठा पुढे केला. बुडाशी चांगलीच सूज होती.

"काका, माझा तर होळीपासून असाच आहे."

"डॉक्टरांना दाखवला का?"

"दाखवला की. तीन आठवडे हात बांधून ठेवा म्हणाले. पाच घरच्या पोळ्या मग कोण करणार?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्या पुस्तकांत नव्हते. मग मी तीच पुस्तके दुसऱ्या नजरेने वाचू लागलो. विश्रांती घ्यावी हे वैद्यांना हजारो वर्षे ठाऊक होते. ती कुणाला घेता आली, हा खरा इतिहास आहे. विल्यम बोल्ट्सने १७७२ साली बंगालविषयी लिहिलेल्या पुस्तकात म्हटले आहे, की कंपनीच्या जुलमाने रेशीम उकलण्याची सक्ती होऊ नये म्हणून कारागिरांनी स्वतःचेच अंगठे कापून घेतले. बोल्ट्सचे कंपनीशी वाकडे होते, त्यामुळे त्याचे म्हणणे जपून घ्यायला हवे. पुढे लोकांत गोष्ट पसरली ती कंपनीने विणकरांचे अंगठे तोडल्याची. पण अंगठा निकामी झाल्याशिवाय कामातून सुटका नाही, ही कल्पना त्या काळच्या वाचकाला अशक्य वाटली नाही, एवढे त्यातून नक्की दिसते.

थॉमसचे रोगीही गोदीतले हमाल आणि खलाशी. रविवारी तो गरिबांना फुकट तपासत असे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कामगार आपसांत वर्गणी काढून आजारफंड चालवत आणि आजारी सभासदाला आठवड्याला काही रक्कम देत. अशा फंडाशिवाय त्याची 'दीर्घ विश्रांती' हमालाला परवडणारी नव्हती. आपल्याकडे १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आला. त्याच्या परिशिष्टात पुढे अंगठा गेला तर कमाईची ३० टक्के ताकद गेली, असे धरले गेले. १९४८ च्या राज्य विमा कायद्याने कारखान्यातल्या कामगाराला आजारपणातही पैसे मिळण्याची सोय केली. २००८ साली महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा केला. तरी पोळ्या लाटणाऱ्या बाईची भरपगारी सुट्टी आजही घराघरांच्या मर्जीवरच आहे.

सूज असूनही ताई लाटत राहिल्या, कारण दुखणे सोसायची त्यांना सवय आहे. वेल्लोरचे डॉ. पॉल ब्रँड यांची इथे आठवण होते. १९४७ साली चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग केंद्रात एका रोग्याचा वाकडा झालेला हात त्यांनी हातात घेतला, तेव्हा पकडीत जोर असल्याचे त्यांना जाणवले. त्यातून त्यांनी असे हात शस्त्रक्रियेने पुन्हा कामाचे करून दिले. अनेकांचे अंगठे पुन्हा बोटांना भिडू लागले. या कामातून ब्रँड एक मोठी गोष्ट शिकले. कुष्ठरोग्याचे हात झिजतात ते संवेदना गेल्यामुळे. दुखत नाही म्हणून तो थांबत नाही. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ज्याला दुखत असूनही थांबता येत नाही, त्याचा राखणदार नुसता ओरडत राहतो.

आमच्या घरापुरती ताईंना तीन आठवड्यांची भरपगारी सुट्टी दिली. उरलेल्या चार घरांशी बोललो. दोघांनी मान्य केले, दोघांनी दुसरी बाई पाहिली. म्हणजे अंगठ्यापायी ताईंची दोन कामे गेली. माझा अंगठा सहा आठवड्यांत सुधारला. त्यांचा अजून थंडीत ठणकतो.

मातीचा गोळा, मग मिठाचा खडा, मग दगड, हा सुश्रुताचा क्रम पाळायला औषध फारसे लागत नाही. वेळ लागतो, आणि तो आपल्यापैकी कुणीतरी कुणालातरी द्यावा लागतो. घरी काम करणाऱ्या बाईंचा हात सुजलेला दिसला, तर लेपाचे नाव सांगण्याआधी एवढेच विचारा: बाई, किती दिवस सुट्टी हवी?