मिश्रीच्या डबीतून जडणारे व्यसन

बीड जिल्ह्यातील किशोरवयीन मुलांना तंबाखूची सवय पानटपरीवर लागते, असा सर्वसाधारण समज आहे. अनेकांची पहिली ओळख मात्र घरातच होते. तंबाखूची पाने तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली भुकटी म्हणजे मिश्री. दात घासण्याच्या निमित्ताने ती बोटावर येते. हिरड्यांतून निकोटिन रक्तात उतरते आणि सकाळची एक वेळ दिवसातून चार वेळा कधी होते, हे कळतही नाही. त्यात दसऱ्यानंतर धारूर, पाटोदा, शिरूर कासार भागांतील कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकात जातात. सोबतच्या मुलांची शाळा सुटते. फडावर थकवा व भूक मारण्यासाठी मोठ्यांजवळची तंबाखू त्यांच्याही हाती पडते.

अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. राज्यात गुटखाबंदी २०१२ मध्ये आली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. पण डबी पुढे करणाऱ्या आजीवर खटला कोण भरणार?

तोंडात पांढरा चट्टा दिसल्यास किंवा तिखट सोसेनासे झाल्यास दंतवैद्यांकडून तपासणी करून घ्यावी. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे.