फुली आणि भिंत

पूर्वी शाळेच्या इतिहासात रेडक्रॉसला जेमतेम चार ओळी असत. १८५९ ची सॉल्फेरिनोची लढाई, हेन्री ड्युनां, १८६४ चा जिनिव्हा करार, संपले! मूळ कल्पना मात्र विलक्षण होती. जखमींची शुश्रूषा करणाऱ्याजवळ शस्त्र नाही. पांढऱ्या कापडावरची लाल फुली हेच त्याचे संरक्षण. शत्रूही तिचा मान राखील, हा भरवसा.

१७ डिसेंबर १९९६ च्या पहाटे चेचन्यातल्या नोवी आतागी गावी रेडक्रॉसच्या इस्पितळात बंदूकधारी शिरले आणि त्यांनी सहा कर्मचाऱ्यांना गोळ्या घातल्या. चिन्ह तिथे होतेच की.

त्याहून मोठा धक्का १९ ऑगस्ट २००३ चा. बगदादचे कॅनॉल हॉटेल (नाव हॉटेल, पण तिथे संयुक्त राष्ट्रांची कचेरी होती). स्फोटकांनी भरलेला ट्रक थेट सर्जिओ व्हिएरा दि मेलो यांच्या खिडकीखाली येऊन फुटला. २२ माणसे गेली. दि मेलो ब्राझीलचे; पूर्व तिमोर स्वतंत्र होईपर्यंत तिथला कारभार त्यांनीच पाहिला होता. ढिगाऱ्याखाली ते काही तास जिवंत होते म्हणतात.

मला यात विचारात पाडते ती एक गोष्ट. दाराशी अमेरिकी फौजेचा मोठा पहारा नको, असे कचेरीतल्या लोकांनाच वाटत होते. सामान्य इराकी माणूस रणगाड्याला वळसा घालून गाऱ्हाणे घेऊन येणार कसा? हा विचार चूक म्हणवत नाही. पण ट्रक पाठवणाऱ्यांच्या लेखी निळा झेंडा आणि परकी फौज एकच होती. पुढे मार्टी आहतिसारी यांच्या समितीने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा व्यवस्थेवर कडक ताशेरे ओढले आणि २००५ मध्ये सुरक्षेसाठी वेगळा विभाग सुरू झाला.

या क्षेत्रातले जाणकार तीन मार्ग सांगतात: लोकांचा विश्वास मिळवणे, भिंती-कुंपणे उभारणे आणि शस्त्रांचा धाक. बगदादनंतर पारडे भिंतींकडे झुकले. परदेशी अधिकारी भिंतीआड गेले. गावात जाणारा ड्रायव्हर, दुभाषा, लस टोचणारा मात्र तिथलाच. संयुक्त राष्ट्रांच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये ३८३ मदत कर्मचारी मारले गेले, बहुतेक आपापल्याच देशात. त्यांतले १८१ गाझात. बॉम्ब वरून पडतो तिथे भिंत तरी काय करणार म्हणा.

आमच्या नात्यातली एक मुलगी नर्सिंग करून अशाच एखाद्या संस्थेत जायचे म्हणते. घरात दोन तट पडले आहेत (तुम्हांपैकी काहींना ठाऊक आहेच!). मी तिला जाऊ नको म्हटले नाही. मुलाखतीत पगाराच्या आधी एवढे विचार, म्हटले: परिस्थिती बिघडली की तुम्ही मला विमानाने बाहेर काढाल, तेव्हा माझ्या ड्रायव्हरचे काय? त्याचा विमा आहे का? आणि गाडी माघारी वळवायची की नाही, हे त्याने ठरवायचे की हजार मैलांवरच्या साहेबाने?

तिने ते वहीत लिहून घेतले आहे.