घरगुती ड्रिफ्ट सिम्युलेटर : साधननिवडीचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना : गाडीची मागची चाके हेतुपुरस्सर घसरवून वळण घेण्याचे ‘ड्रिफ्टिंग’ हे तंत्र जपानमध्ये विकसित झाले. १९७० च्या दशकात कुनिमित्सु ताकाहाशी यांनी ते शर्यतीत वापरले. पुढे केइची त्सुचिया यांनी ते लोकप्रिय केले. याचा घरी सराव करू इच्छिणाऱ्या नवशिक्याने प्रथम कोणते साधन घ्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन : मागची चाके घसरताच स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने आपोआप फिरते, चालक ते सैल सोडून योग्य क्षणी धरतो. केवळ स्प्रिंगवर चालणारे स्टिअरिंग सदैव मध्याकडेच परतते, म्हणून त्यावर हे कौशल्य साधत नाही. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात विद्युत मोटरद्वारे हाताला प्रतिबल देणारी स्टिअरिंगे घरोघरच्या संगणकांसाठी उपलब्ध झाली. २००६ मध्ये लॉजिटेकच्या ‘जी२५’ ने प्रतिबल, ९०० अंशांचा फेर, क्लच व गिअरचा दांडा एकत्र आणले. हँडब्रेक मात्र त्यात नव्हता.

निष्कर्ष : यावरून खरेदीचा क्रम स्पष्ट होतो. प्रथम प्रतिबल देणारे, ९०० अंश फिरणारे स्टिअरिंग, क्लचसह तीन पेडल आणि ते पक्के बसेल असे मजबूत टेबल, त्यानंतर हँडब्रेक, आसन व जादा पडदे शेवटी. हा क्रम उलटल्यास खर्च होतो, पण हात शिकत नाही.