फटफटीची बखर

मोटारसायकलीला मराठीने 'फटफटी' म्हटले ते नुसत्या कानाने ऐकून. पुस्तकी नाव लायसन्सच्या कागदावर राहिले. गल्लीत आली ती फटफटीच. तिच्यातही एक जात अशी होती की, वळणावर दिसण्याआधीच तिची ओळख पटे. एका सिलिंडरच्या यंत्राला दोन्ही बाजूंना एकेक लांब सायलेन्सर, निळसर धूर आणि उतारावर मधूनच ठोका चुकवणारा आवाज. ती जावा. आमच्या वडिलांनी १९६५ साली घेतलेली जावा मागल्या पडवीत गोणपाटाखाली वीसएक वर्षे उभी होती. गेल्या दोन पावसाळ्यांत मी ती घरीच खोलली, धुतली आणि पुन्हा जोडली. त्या उद्योगात हात जितके काळे झाले, तितकाच इतिहासही कळला. कारण असल्या यंत्राचा एकेक भाग सुटा करू लागले की प्रत्येकाशी कुठले तरी साल चिकटलेले निघते.

आधी नावच घ्या. प्राग शहरी फ्रांटिशेक यानेचेक नावाचे हत्यारांचे कारखानदार होते. शांततेच्या काळात हत्यारांना गिऱ्हाईक कुठले? तेव्हा १९२९ साली त्यांनी 'वांडरर' या जर्मन कंपनीकडून मोटारसायकल बनवण्याचे हक्क घेतले आणि यानेचेकमधला 'या' व वांडररमधला 'वा' जोडून नाव केले. म्हणजे खरा उच्चार 'यावा'. रोमन अक्षर आपण इंग्रजी थाटात वाचले आणि जावा म्हणू लागलो. तेच 'यावा' राहिले असते, तर रात्री उशिरापर्यंत दाराशी वाट पाहणाऱ्या आयांच्या तोंडी ते किती शोभले असते!

यानेचेक १९४१ साली वारले. तेव्हा त्यांचा देश जर्मनांच्या टाचेखाली होता आणि कारखाना जर्मन सैन्याच्या कामाला जुंपलेला होता. परंतु त्याच कारखान्यातले काही इंजिनीअर, लढाई संपल्यावर विकायची म्हणून एक नवी अडीचशे सीसीची फटफटी गुपचूप आखत होते. पारतंत्र्यात बसून स्वातंत्र्यातल्या गिऱ्हाइकासाठी यंत्र आखायचे, ही गोष्ट मला कुठल्याही लढाईच्या वर्णनाइतकीच थरारक वाटते. ती गाडी १९४६ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली आणि सुवर्णपदक घेऊन आली. लोकांनी तिचे नाव 'पेराक' ठेवले. युद्धकाळी प्रागमध्ये एक दंतकथा पसरली होती: पायाला स्प्रिंगा बांधलेला कोणी एक माणूस रात्री अंधारातून उंच उड्या मारीत पसार होतो म्हणे! तो पेराक. गाडीच्या मागल्या चाकालाही स्प्रिंगा होत्या, म्हणून ते नाव तिला चिकटले.

आमच्या पडवीतली गाडी या पेराकची धाकटी बहीण. पण जन्माने म्हैसूरची. मुंबईचे रुस्तुम आणि फारुख इराणी हे जावा गाड्या परदेशाहून आणवीत. पुढे सरकारने आयातीवर बंधने घातली, तेव्हा त्यांनी चेक कंपनीशी करार करून म्हैसूरला कारखानाच काढला. महाराज जयचामराजेंद्र वडियार यांचा त्याला आश्रय होता. १९६१ साली तिथून गाड्या निघू लागल्या. १९७३ पासून त्याच कारखान्याची गाडी 'येझदी' नावाने विकली जाऊ लागली. हा शब्द चेक भाषेतल्या 'धावतो' या अर्थाच्या क्रियापदावरून आला असे काही म्हणतात; काही जण इराणी कुटुंबांच्या मूळ मुलखातल्या यझद शहराकडे बोट दाखवतात. दोन्ही व्युत्पत्ती गोड आहेत, भांडण कशाला? १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा हे नाव नव्या गाड्यांवर पुन्हा आले, पण ती निराळी हकिगत आहे.

आता आमच्या पडवीकडे वळतो. पहिली अडचण अशी की किक जागची हलेना. पिस्टन सिलिंडरमध्ये जाम झाला होता. असल्या गाडीत मशीनला वंगण पेट्रोलातूनच मिळते. टाकीतच ऑईल मिसळायचे. गाडी उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, ऑईल वाळते आणि पावसाळी हवा आपले काम करते. प्लग काढून त्या भोकातून डिझेल आणि ऑईल ओतले, आठ दिवस थांबलो आणि मग गिअरमध्ये टाकून मागले चाक पुढे-मागे, पुढे-मागे. नवव्या दिवशी आत कुठेतरी 'कच्च' असे झाले. त्या आवाजाचा आनंद ज्याने ऐकला त्यालाच ठाऊक.

सिलिंडर उचलल्यावर खरी बखर उघडली. मूळ व्यास ६५ मिलिमीटर. आमच्या पिस्टनच्या माथ्यावर ६५.७५ कोरलेले. दर खेपेला पाव मिलिमीटर धरले, तर सिलिंडर तीन वेळा बोअर झाला होता. वडील कधी प्रवासाच्या गोष्टी सांगत नसत. ते किती हिंडले हे मला त्या एका आकड्याने सांगितले.

पुढचे काम सीलांचे. या इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आधी पिस्टनखालच्या क्रँककेसमध्ये येते, तिथे दाबले जाते आणि मग वर चढते. ती पेटी हवाबंद नसेल, तर गाडी एक तर पेटत नाही किंवा पेटून भलतीच पळत सुटते. रबरी सील सुकून काथ्यासारखे झाले होते. काही सुटे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात सापडले, काही लेथवर करून घेतले. दिवाळीच्या आधल्या आठवड्यात सगळे नटबोल्ट रॉकेलमध्ये घालून ठेवायला मी फडताळातली जुनी परात उचलली, तेव्हा सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "यंदा चकल्या कशात ठेवायच्या?" त्या परातीवर अजून वाद चालू आहे.

यंत्राचे प्रश्न पान्ह्याने सुटले, इतिहासाचा सुटेना. टाकी घासली तर काळ्या रंगाखाली निळा आणि त्याखाली कारखान्याचा मरून निघाला. मरून द्यायचा, याबद्दल दुमत नव्हते. अडले ते साडीगार्डपाशी. चेक आखणीकारांनी साखळी संपूर्ण झाकून टाकली होती. धुळीचा, चिखलाचा पुरता विचार केला होता. पण मागे एका अंगाला बसलेल्या बाईचा पदर त्यांच्या आखणीत कुठून येणार? १९६८ साली आईचा पदर चाकाच्या आऱ्यांत ओढला गेला. ती थोडक्यात वाचली. दुसऱ्याच दिवशी वडिलांनी गल्लीतल्या लोहाराकडून पाव इंची सळया वाकवून एक जाळी करून घेतली. ती ओबडधोबड आहे, डावीकडे किंचित कललेली आहे, आणि कारखान्याच्या कुठल्याही चित्रात नाही.

रविवारी गाडी पाहायला येणाऱ्या जाणत्या मंडळींचे एकमत होते की ती काढावी. २०२१ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरचे वाहन, त्याची चौकट, बांधा आणि इंजिन मूळचे असेल, तर 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते आणि आधी नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक राखता येतो. जाळीने त्यात काही बिघडत नाही. पण या मंडळींचा कायदा सरकारी कायद्याहून कडक! "गाडी म्हैसूरहून निघाली त्या दिवशी होती तशी पाहिजे," असे एक गृहस्थ म्हणाले. त्यांचेही खरे होते. परंतु त्या दिवशी ती कोणाचीच नव्हती; कारखान्याच्या दारात उभी असलेली, नंबर नसलेली गाडी. मला १९६५चा रंग हवा होता, १९६८ची जाळी हवी होती आणि इंजिन आजच्या रस्त्यावर चालणारे हवे होते. तीन साले एका गाडीत बसवणे शुद्ध इतिहासकाराला रुचणार नाही. मला त्यात गैर दिसेना.

आई आता चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. चर्चा चालू असताना ती खुर्चीत बसून वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "ती काढलीस, तर मी कशी रे बसू?"

मिस्त्रींनी जाळी घासून तिला काळ्या रंगाचे दोन हात दिले. वेल्डिंगच्या गाठी मात्र मी त्यांना घासू दिल्या नाहीत.