तळटीप : ‘दरबारचे लाडके संघ आणि दारचा बॉम्ब’

१. ‘दरबारचे लाडके संघ आणि दारचा बॉम्ब’ : या उपरोधामागे अमेरिकेतील एक वाद आहे. १९३५ चा वॅग्नर कायदा मालकांच्या गैरवर्तनास मज्जाव करतो, पण मजूर-संघांच्या गैरवर्तनाविषयी अवाक्षरही काढीत नाही, सबब सरकार पंचाच्या आसनावर बसून एकाच पक्षाची वकिली करते, अशी तेथील पुराणमतवाद्यांची तक्रार होती. ओहायोचे सिनेटर रॉबर्ट टॅफ्ट यांच्या पुढाकाराने सिद्ध झालेला, आणि अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून २३ जून १९४७ रोजी सिनेटने ६८ विरुद्ध २५ मतांनी कायम केलेला टॅफ्ट-हार्टले कायदा हे त्या तक्रारीचेच फळ. आपण कम्युनिस्ट नाही असे प्रतिज्ञापत्र संघाचे अधिकारी दाखल करीपर्यंत त्या संघाची फिर्याद श्रममंडळाच्या दप्तरी घेतली जात नसे. मालकांवर मात्र हे बंधन नव्हते, आणि खाणमजुरांचे पुढारी जॉन लुइस यांनी तर सही करण्याचे साफ नाकारले. पुढे २३ सप्टेंबर १९४९ रोजी रशियाच्या अणुस्फोटाची वार्ता ट्रूमन यांनी जाहीर केली, तेव्हा घरच्या फितुरीचे आणि बाहेरच्या शत्रूचे भय एकमेकांत अधिकच मिसळले. तथापि खुद्द टॅफ्ट यांनी त्याच वर्षीच्या जुलैत उत्तर अटलांटिक कराराविरुद्ध मत दिले होते, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. मूळ लेखकाने एका दमात उच्चारलेल्या या दोन भयांवरील उतारा त्या गोटातही एकमुखाने सांगितला जात नव्हता. — संपादक